करंगळी जाणार नाही एवढं दार

ब्राइस, पेट्या नऊ आहेत, पण तू दारं मोज.
मध काय, कुणीही काढतो.
दार राखता आलं तर माशा तुझ्या.

एप्रिलात चेस्टनटला पालवी फुटली की
सगळं उघड, वीतभर.
परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या पोरी घाईत असतात,
उंबऱ्यावर खोळंबल्या की चिडतात,
आणि मग सुजणार तू आहेस, मी नाही.
समोरचं गवत काप, मुंग्या त्यावरून चढतात.
पेटीच्या पायांखाली तेलाचे डबे आहेत;
एक पान पडलं तरी पूल होतो. रोज बघ.

ऑगस्टात फुलं संपली
की शेजारीण शेजारणीच्या घरात शिरते.
वैर नाही, नुसती भूक.
तेव्हा दार दोघींपुरतं: एक आत, एक बाहेर.
साखरपाणी सांडू नकोस.
एक थेंब म्हणजे पंचक्रोशीला आवतण.

त्याच महिन्यात ती येते, पिवळ्या पायांची गांधीलमाशी.
माझ्या लहानपणी नव्हती.
म्हणे जहाजातून आली, कुठल्याशा मालाबरोबर.
आत शिरत नाही ती. दारासमोर तरंगत राहते,
वसुलीला आलेल्या माणसासारखी.
डोंगर जांभळा फुललेला, आणि माशा घरात उपाशी.
भीतीनं मेलेली पेटी हाताला हलकी लागते. तुला कळेल.
बैलाला घालतात तशी जाळीची मुसकी घाल.
आमची माशी पंख मिटून पायी बाहेर पडते,
पिवळीला ते जमत नाही.

मग ऑक्टोबर, पत्र्याच्या पट्ट्या.
हर्मेलिंदोनं पाडलेली भोकं. करंगळी घालून बघ, जाणार नाही.
उंदराचं डोकं गेलं की उंदीर गेला, एवढंच गणित.
पण घाई नको. आधी नरांना हाकलू दे.
दांडगे ते, भोकात अडकतात, मागे रांग लागते.
उशीरही नको.

उशीर मी केला होता, एकदाच.
त्या शरदात तो ओरेन्सेच्या इस्पितळात,
मी बसच्या थांब्यावर, पट्ट्या फडताळात.
पहिलं दव गोठलं तशी धावत जाऊन ठोकल्या,
खिळ्यामागून खिळा, अगदी समाधानानं.
लोक बैल गेल्यावर झोपा करतात.
मी चोर आत घेऊन केला.

फेब्रुवारीत, ऊन पडलं त्या दिवशी, सातवी उघडली.
कोपऱ्यात वाळक्या नेच्याचं घरटं, कुरतडलेलं मेण,
आणि उंदीर.
मारला होता त्यांनी. पण उचलणार कसा?
आणि उचलला असता तरी दारावर माझी पट्टी.
म्हणून राळेनं लिंपलेला, शेपटीच्या टोकापर्यंत,
तपकिरी, चकचकीत,
वास चर्चमधल्या धुपाचा.
मूठभर माशा उरल्या होत्या.

संध्याकाळी त्याला दाखवला.
दोन उश्यांना टेकून बसला होता.
खाणीत बावीस वर्षं स्लेट कापलेली,
कंपनीनं तोंडाला मास्क दिला विसाव्या वर्षी.
त्यानं उंदीर तळहातावर घेतला, वजन करावं तसा,
बराच वेळ खोकला,
आणि म्हणाला,
"ह्यांना निदान दिसला तरी."

हिवाळ्यात काम फार नाही.
मेलेल्या माशा आतून दाराशी साचतात, भोकं बुजतात.
सायकलच्या तारेचा आकडा खुंटीला आहे,
पंधरवड्यातून एकदा हळूच ओढून घे.
कान लाव. गुणगुण नसली तरी लगेच उघडू नकोस, ऊब जाते.
सुतारपक्षी मागून भोक पाडतो,
त्याला दाराशी देणंघेणं नाही. जुनं मासळीचं जाळं गुंडाळ.

पट्ट्या आठच आहेत. नववी कुठे, विचारू नकोस.
सातवीसाठी नवी पाड.
ड्रिल चुलीमागे आहे.
नऊ मिलिमीटरचं पातं त्यातच असेल,
त्यानं काढलेलं नाही.